पाहुण्या बाटलीचा थाट

सांगून कोणाला पटायचं नाही. एका मुलानं आपल्या सख्ख्या आईचं रक्त सलग पाच वेळा तपासलं, आणि इतक्या निगुतीनं तपासलं की एखाद्या राजाच्या बोटातलं रक्तही कोणी तसं हाताळलं नसेल. गंमत अशी, की हे आईचं रक्त आहे असं त्याला आधी कळतं, तर त्यानं ते एकदाही धड तपासलं नसतं. बसला विश्वास? नाही ना? बसायला नकोच. पण गोष्ट मुळापासून ऐका, मग कोण खोटं बोलतंय ते आपोआप कळेल.

घर दुमजली. खाली रक्त तपासायची लॅब, वर बिऱ्हाड, मधे बावीस पायऱ्या. लॅब थोरल्या मुलाची, तो डॉक्टर. त्याची बायको, म्हणजे थोरली, काउंटरवर बसून नावं लिहायची, मशीनला नळ्या लावायची आणि रिपोर्टची पाकिटं वाटायची. धाकटा मुलगा नोकरीपायी महिन्यातले पंचवीस दिवस फिरतीवर. त्याची बायको, धाकटी, रीतसर शिकलेली टेक्निशियन. खरं तर मशीन तिच्या हाती असायला हवं होतं. पण मशीन ही घरातली मानाची वस्तू, ती थोरलीकडे. धाकटीनं सकाळभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि रक्त काढायचं. वर सासूबाई. सगळ्यांचा स्वयंपाक त्यांच्याकडे, आणि सकाळी आठला चहाचा ट्रे घेऊन बावीस पायऱ्या उतरणंही त्यांच्याचकडे.

लॅबच्या हॉलमध्ये बाकं होती आणि बाकांसमोरची भिंत सर्टिफिकेटांनी अशी झाकलेली, की तिचा मूळ रंग कोणता ते रंगाऱ्यालाही आठवत नसे. अकरा चौकटी. बारावीसाठी खिळा आधीच ठोकून ठेवलेला. त्या भिंतीकडे बोट करून डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "सांगून कोणाला पटायचं नाही, पण आमच्या मशीननं आजवर एक आकडा चुकवलेला नाही."

ही सर्टिफिकेटं मिळायची ती अशी. दर तीन महिन्यांनी बाहेरच्या एका संस्थेकडून परीक्षेसाठी रक्ताची एक छोटी बाटली यायची. त्या रक्तात हिमोग्लोबिन किती, ते फक्त त्या संस्थेला ठाऊक. लॅबनं तपासून आकडा कळवायचा; जुळला की सर्टिफिकेट. नियम एकच होता: ही बाटली रोजच्या नळ्यांच्या रांगेतच लावायची, रोजच्याच हातांनी, रोजच्याच घाईत. म्हणजे लोकांचं रक्त तुम्ही एरवी कसं तपासता ते कळेल. नियम कागदावर ठळक छापलेला होता. तो कागद डॉक्टरांनी टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घडी करून घातला होता, आणि तिथे तो खरोखर उपयोगी पडत होता.

घरात त्या बाटलीला सगळे म्हणायचे "पाहुणी."

पाहुणी आली की लॅबचं रूप पालटायचं. मशीनची सुई धुतली जायची, द्रावणाचा नवा सीलबंद कॅन फोडला जायचा. एरवी ज्यांचा हात महिनोन् महिने नळीला लागत नसे, ते डॉक्टर बाह्या सरसावून बाटली हलक्या हातानं दहा वेळा खाली-वर करायचे, पाच वेळा मशीनला लावायचे आणि सरासरी काढायचे. एवढं करूनही जीव भांड्यात पडत नसे, म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या बालमित्राला फोन. त्याचीही लॅब होती आणि त्याच्याकडेही तीच पाहुणी उतरलेली असायची.

"तुझा किती रे?"

"बारा पॉइंट सहा. तुझा?"

"बारा पॉइंट नऊ."

"मग दोघंही पावणेतेरा लिहू. तुझं नको, माझं नको."

झाली परीक्षा. लटकली चौकट.

आता रोजच्या नळ्यांची कथा. रक्त नळीत उभं राहिलं की तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. रंगाचा डबा न ढवळता ब्रश थेट तळाशी घातला की कसा गोळा वर येतो, तसंच. मशीनची सुई तळाशी बुडते, दाट रक्त उचलते आणि पांढराफटक माणूसही कागदावर लालबुंद होऊन बाहेर पडतो. म्हणून नळी लावण्याआधी हलवावी लागते. त्यासाठी लॅबमध्ये नळ्या डोलवणारं एक यंत्र होतं. आठ महिन्यांपूर्वी ते बंद पडलं. त्यावर एका कोळ्यानं जाळं विणलं, संसार थाटला, त्याला मुलं झाली, मुलांना मुलं झाली. दुरुस्तीवाला काही आला नाही.

"ताई, नळ्या हलवून लावा ना," धाकटी सांगायची.

"साठ नळ्या, दहा-दहा वेळा?" थोरली म्हणायची. "माझा हात खांद्यातून निखळून पडेल. आणि भिंतीवर काय लावलंय ते वाचता येतं ना तुला?"

धाकटी मग रक्त काढता काढता हाताला येतील तेवढ्या नळ्या स्वतःच हलवून ठेवायची. पण हलवलेली नळी पुन्हा तास-दीड तास रांगेत उभी राहिली की पालथ्या घड्यावर पाणी.

मशीन खरं बोलतंय का, हे पाहायलाही रोज सकाळी ठरलेल्या आकड्याची एक बाटली लावून वहीत नोंद करायची असते. डॉक्टर ती वही एक तारखेलाच महिनाभराची भरून, धाकटीची सही घेऊन मोकळे व्हायचे. आलेख कसा, पट्टी ठेवून ओढल्यासारखा.

"दादा, अशी सरळ रेघ फक्त मेलेल्या माणसाची येते," धाकटी एकदा म्हणाली.

"तू जरा जास्तच शिकलीस," डॉक्टर म्हणाले, आणि वही मिटली.

हे सगळं असंच चाललं असतं. साठ नळ्या येत होत्या, साठ पाकिटं जात होती. पाकिटातला आकडा चुकला म्हणून कोणी परत येऊन भांडत नव्हतं, कारण आपला आकडा चुकलाय हे माणसाला कळणार कसं? तो घरी जाऊन आपल्या थकव्यालाच शिव्या देत बसतो. पण मग ही गोष्ट वरच्या मजल्यावर चढली.

गेले चार महिने सासूबाई नवव्या पायरीशी थांबायला लागल्या होत्या. आधी क्षणभर, मग दोन मिनिटं. चेहऱ्याचा रंग असा उडाला होता, की पांढऱ्या भिंतीशी उभ्या राहिल्या तर नुसता चष्माच दिसायचा. फ्रिजमधला बर्फ काढून दिवसभर कडाकडा चावत बसायच्या. दोनदा रक्त तपासलं. थोरलीनं नळी लावली, डॉक्टरांनी सही केली. एकदा आला साडेअकरा, एकदा अकरा पॉइंट आठ. या वयाला उत्तम.

आणि तो कागद घरात आल्यापासून सासूबाईंचं दुखणं संपलं आणि आळस सुरू झाला.

"रिपोर्ट चांगला आहे म्हटल्यावर दमायला काय झालं?" थोरली हसत हसत म्हणायची. "आईंना दम लागतो तो फक्त चहा आणताना. बर्फ फोडताना कसा लागत नाही?"

"खरंय गं," सासूबाईही हसायच्या. "अंगात आळस भरलाय मेला. वय झालं की माणूस कामचुकार होतो."

धाकटीला थोरलीच्या टोमण्याचं काही वाटत नसे. टोमणे काय, घरातल्या हवेतच असतात. पण सासूबाईंचं ते हसणं तिला सहन होत नसे. त्या बाईचा स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा मुलाच्या कागदावर जास्त विश्वास होता.

"आई, आपण दुसऱ्या लॅबमध्ये दाखवू या का?"

"अगं बाई! मुलाची लॅब पायाखाली, आणि आई रक्त द्यायला दुसऱ्याच्या दारात? लोक त्याच्या तोंडात शेण घालतील. त्यापेक्षा मी बसते की नवव्या पायरीवर. छान वारा येतो तिथे."

शेवटी एका दुपारी, लॅब रिकामी असताना धाकटीनं सासूबाईंचं रक्त काढलं, नळी दहा वेळा उलटीपालटी केली आणि मशीनला लावली. सात पॉइंट चार. चिठ्ठी घेऊन ती तशीच डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"रक्त कोणी काढलं? तू," डॉक्टर म्हणाले. "मशीनला कोणी लावलं? तू. मशीन तेच. आमचं दोनदा साडेअकराच्या आसपास, तुझं एकदा सात. मग चूक कोणाची?"

"दादा, मी नळी हलवली होती."

"म्हणजे घुसळली असशील. रक्त म्हणजे काय मिक्सरमधला मसाला आहे?"

"पुन्हा करू या ना, तुमच्यासमोर. तुम्हीच करा."

"आईला उगाच टोचत बसू नकोस. आणि हे बाहेर बोलू नकोस. उद्या लोक म्हणतील, यांच्या घरातच दोन आकडे निघतात."

त्यांनी चिठ्ठीचे चार तुकडे केले. नावडतीचं मीठ अळणी, तसं धाकटीचं रक्त पातळ. ती आत जाऊन त्या बंद यंत्रासमोर बराच वेळ उभी राहिली. तिचं म्हणणं मधे न तोडता ऐकून घेणारा त्या घरात एकच जण उरला होता, तो म्हणजे तो कोळी.

ज्या दिवशी पाहुणी यायची होती, त्या सकाळी आठला नवव्या पायरीवरून मोठा आवाज आला. कप, बशा आणि किटली एकदमच खाली पोचले. सासूबाई मात्र नवव्या पायरीवरच होत्या, कठड्याला धरून बसलेल्या.

"झालं!" थोरली काउंटरमागून म्हणाली. "आजपासून चहाही बंद. आई, सरळ सांगायचं ना, होत नाही म्हणून. कप कशाला फोडायचे?"

धाकटी धावत वर गेली, सासूबाईंना धरून खाली आणलं आणि रक्त काढायच्या खुर्चीत बसवलं. त्यांचा हात हातात घेतला तर नखं कागदासारखी पांढरी.

"हात सैल सोडा, आई."

"पुन्हा? अगं, आत उरलंय तरी काय?"

"उरलंय का, तेच बघायचंय."

त्यांना हॉलमधल्या बाकावर लोकांमध्ये बसवून, बर्फाची वाटी हातात देऊन, "आज वर जायचं नाही," असं बजावून ती वळली, तेवढ्यात कुरिअरवाला दारात. खोक्यात, थंड पिशव्यांच्या मधोमध, पाहुणी. डॉक्टर अजून आले नव्हते, थोरली फुटलेले कप गोळा करत होती. धाकटीच्या एका हातात आईची नळी, दुसऱ्या हातात पाहुणीची बाटली. दोन्ही लाल. दोन्ही सारखीच कोमट वाटत होती, म्हणजे कदाचित तिचे हातच पेटले होते.

मग तिनं जे केलं ते चांगल्या घरच्या सुनांनी करू नये असं म्हणतात. मागच्या टेबलावर जाऊन तिनं पाहुणी एका साध्या, जांभळ्या झाकणाच्या नळीत ओतली, नळीवर चौदा नंबर चिकटवला आणि ती साठ नळ्यांच्या रांगेत उभी केली. रिकामी बाटली स्वच्छ धुऊन कोरडी केली, आणि तिच्यात सासूबाईंचं रक्त भरून झाकण लावलं. लबाडी? पण टेबलाच्या पायाखालचा तो कागद काढून वाचा. पाहुणीची जागा रांगेतच होती. त्या घरात नियम पाळला गेला तो त्या दिवशी, पहिल्यांदाच.

दहा वाजता थोरलीनं नेहमीसारख्या नळ्या लावायला सुरुवात केली. दीड तास ताटकळलेल्या नळ्या, एकामागून एक, सपासप. डॉक्टर शेजारी बसून सह्या करत होते.

"चौदा नंबर, सोळा पॉइंट दोन," थोरलीनं सांगितलं.

"अरे वा. कोण आहे हा पहिलवान?" डॉक्टर सही करता करता म्हणाले. "त्याला म्हणावं पाणी पीत जा. रक्त नुसतं घट्ट झालंय."

धाकटीनं खालचा ओठ दातांत धरला.

अकरा वाजता गर्दी पांगली. पाकिटं मिळालेले काही, पाकिटांची वाट पाहणारे काही, असे वीसेक जण हॉलमध्ये होते. दार उघडंच होतं. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या, सुई धुतली, नवा कॅन फोडला. बाटली दोन्ही तळव्यांत घेऊन एखाद्या तान्ह्या बाळासारखी हळूहळू खाली-वर केली. दहा वेळा. मशीन घुमलं. थोरली काउंटरवर फॉर्म घेऊन बसली होती. तिला ऐकू जावं म्हणून डॉक्टर आकडे मोठ्यानं सांगत.

"सात पॉइंट तीन!"

ते थबकले. पुन्हा बाटली डोलवली, पुन्हा लावली.

"सात पॉइंट दोन!"

तिसऱ्यांदा सात पॉइंट तीन. डॉक्टरांनी सुई पुन्हा धुतली. चौथ्यांदा सात पॉइंट चार. पाचव्यांदा सात पॉइंट तीन.

"या खेपेला अवघड धाडलीय," ते कपाळ पुसत म्हणाले. "पण आकडा बरोबर आहे."

"नक्की, दादा?" धाकटीनं विचारलं.

"मी स्वतःच्या हातानं केलाय. काळ्या दगडावरची रेघ."

"आणि हे खऱ्याच कोणा माणसाचं असतं तर?"

"तर आजच्या आज दवाखान्यात न्यावं लागलं असतं. आतल्या आत कुठून तरी रक्त जात असल्याशिवाय एवढं खाली येत नाही. असा माणूस एक मजला चढू शकायचा नाही."

"आणि त्याला घरचे आळशी म्हणत असतील तर?"

"कानाखाली वाजवीन मी त्यांच्या," डॉक्टर म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. माणूस वाईट नव्हता हो. बाटलीपुरता तर फारच चांगला होता.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या गल्लीतला मित्र.

"झाली का पाहुणी? माझा बारा पॉइंट आठ. तुझा?"

डॉक्टरांनी फोनवर तळवा ठेवला. चेहरा उतरला होता. "बारा पॉइंट आठ? असं कसं?"

"दादा," धाकटी म्हणाली. तिनं आवाज खाली येऊ दिला नाही. "त्यांचा बरोबर आहे. पाहुणी रांगेत आहे. चौदा नंबर. न हलवता लावली म्हणून सोळा पॉइंट दोन आला तिचा, आणि तुम्हीच तिला पाणी प्यायला सांगितलंत. या बाटलीत आई आहेत."

डॉक्टरांनी बाटलीकडे पाहिलं, मग रांगेतल्या चौदा नंबरकडे, मग कोळ्याच्या यंत्राकडे. क्षणभर वाटलं, आता हा माणूस खुर्चीतून उठेल आणि बाहेर आईकडे जाईल. धाकटी बाजूलाही झाली, त्याला वाट द्यायला.

"अरे, बोल ना!" फोनमधून आवाज आला. "पाठवायचाय मला."

डॉक्टरांची नजर उघड्या दारातून हॉलमध्ये गेली. वीस माणसं. अकरा चौकटी. एक रिकामा खिळा.

त्यांनी फोन कानाला लावला आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं हसले. "तोच रे! बारा पॉइंट आठ! सांगून कोणाला पटायचं नाही, पहिल्याच फटक्यात आला!"

थोरलीनं खाली मान घालून फॉर्मवर बारा पॉइंट आठ लिहिलं आणि तो धाकटीपुढे सरकवला. टेक्निशियनची सही लागते. धाकटीनं पेनाचं टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवून दिलं.

"सही कर," डॉक्टर दातांत म्हणाले.

"नाही करणार. आजच्यावर नाही, आणि त्या सरळ रेघेच्या वहीवरही यापुढे नाही."

"खोटं!"

हा आवाज धाकटीचा नव्हता. दाराची चौकट धरून सासूबाई उभ्या होत्या, एका हातात बर्फाची वाटी. बाकापासून दारापर्यंतच्या सहा पावलांत त्यांना धाप लागली होती, पण शब्द कसा खणखणीत पडला. हॉलमध्ये एकानं आपलं बंद पाकीट उघडलं. मग दुसऱ्यानं. मग कागदांची नुसती सळसळ.

"खोटं बोलतोयस," सासूबाई म्हणाल्या. "पाच वेळा सात आलंय. बाकावर बसून बोटांवर मोजलंय मी. आता आळशी कोण ते नंतर ठरवू. धाकटे, माझ्या चपला आण, दवाखान्यात जाऊ. चालवलं नाही तर धरून ने."

"हॅलो?" फोन कुजबुजला. "काकू आहेत का तिथे?"

सासूबाईंनी मुलाच्या हातातून फोन काढून घेतला.

"आहे ना, बाळा. याचं बारा तर तुला विचारून आलं, ते मी ऐकलं. तुझं बारा तू कोणाला विचारून आणलंस?"